मासा नंतर, आधी माशी बघा!

रावेरला ट्राउट मिळत नाही, मिळणारही नाही. पण ज्या माशीपायी जगभरचे ट्राउटवेडे कामधंदा सोडून नदीत जाऊन उभे राहतात, तिची भावंडं आपल्या सातपुड्यातल्या ओढ्यांत दगडाखाली राहतात. ओळखता का तुम्ही त्यांना?

तसला रील तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. काचेसारखं पाणी, त्यात गुडघाभर उभा असलेला एक माणूस, हातात लांब लवचीक काठी. डोक्यावरून एक पिवळी दोरी हवेत मागे-पुढे वेटोळी घेत जाते आणि पाण्यावर अलगद टेकते. आजूबाजूला संध्याकाळच्या तिरप्या उन्हात हजारो बारीक पाखरं नाचतायत. पाण्यातून एक तोंड वर येतं, टप्प आवाज होतो, काठी वाकते. संपला रील. खाली कमेंट : ‘भाई, लाइफ असावी तर अशी.’

आणि आपण कुठे? तर मे महिन्यात, रावेरात. पारा ४५ च्या आसपास, कूलरमधलं पाणी संपलेलं आणि सुकी नदी नावाला जागून कोरडी ठाक. अशा वेळी कुणीतरी विचारतंच, ‘काय भो, हे आपल्याकडे नाही का होणार?’

नाही होणार. आधी ते ‘नाही’ का, हे समजून घेऊ. कारण त्या ‘नाही’च्या पोटातच आपल्या कामाची गोष्ट आहे.

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. १२ ते १८ अंश तापमानात तो खूश असतो. पाणी २० च्या वर गेलं की त्याला धाप लागते आणि २५ च्या पुढे तो फार काळ तग धरत नाही. कारण साधं आहे, पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. १० अंशांच्या एका लिटर पाण्यात साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. म्हणजे आपल्या तापीत ट्राउट सोडणं म्हणजे हिमालयातल्या माणसाला स्वेटर घालून मे महिन्यात केळीच्या ट्रकवर बसवण्यासारखं.

तसा ट्राउट भारताचा नाहीच. इंग्रजांनी आणला. काश्मीरसाठी ट्राउटची अंडी विलायतेहून बोटीने मागवली, १८९९ ची पहिली खेप वाटेतच मेली, १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप जगली. पुढे निलगिरीत, मुन्नारच्या चहामळ्यांच्या वरच्या अंगाला, हिमाचलात असा तो पसरला. साहेबाला आपल्या गावचा मासा आपल्या हौसेसाठी हवा होता, एवढंच. आज तिकडे मत्स्य विभागाचा परवाना काढून, नदीचा ठरवून दिलेला तुकडा घेऊन मासेमारी करता येते. जमलं तर जरूर जा. पण ‘ट्राउट पकडायला मनालीला जायचं’ एवढाच या गोष्टीचा अर्थ तुम्ही घेतलात तर रीलमधली खरी हिरॉइन तुमच्या नजरेतून सुटली. ती हवेत नाचणारी पाखरं आठवतात ना? ती.

तिला इंग्रजीत म्हणतात मेफ्लाय. मराठीत सगळ्यांना पटकन कळेल असं नाव मला तरी सापडलेलं नाही, म्हणून इथे मेफ्लायच म्हणू. नावाने माशी, पण घरातल्या माशीशी काही संबंध नाही. ही तीस कोटी वर्षं पृथ्वीवर आहे. डायनासोर आले नि गेले, ही आहे तिथेच आहे. शास्त्रीय नावाचा अर्थच ‘एका दिवसापुरती’.

तिचं आयुष्य मात्र विचित्र आहे. अंड्यातून निघालेलं पिल्लू पाण्याच्या तळाशी दगडाला चिकटून राहतं. काही जातींत काही आठवडे, काहींत वर्ष-दोन वर्षं. शेवाळ, कुजलेला पाला खातं, कल्ल्यांनी श्वास घेतं, पुनःपुन्हा कात टाकतं. मग एका संध्याकाळी ते पृष्ठभागावर येतं, पाठ फाटते, आतून पंखवाली माशी निघते. ती उडून झाडावर बसते आणि तिथे, पंख आलेले असताना, आणखी एकदा कात टाकते. जगातल्या आजच्या सगळ्या कीटकांत हे एवढ्या एकाच घराण्याला जमतं. पंख आल्यावर ती काही खात नाही, खाऊच शकत नाही, तोंड कामाचंच राहिलेलं नसतं. पोट रिकामं, वेळ कमी. नर थव्याने नाचतात, माद्या त्यात शिरतात, अंडी पाण्यावर सांडतात आणि पंख पसरून पाण्यावरच मरून पडतात. काही तास, फार तर एक-दोन दिवस. अमेरिकेतल्या एका जातीच्या मादीला तर पंख आल्यावर पाच मिनिटंही मिळत नाहीत.

आता माशाच्या बाजूने बघा. वर्षभर दगडाखाली लपलेलं खाणं अचानक हजारोंनी, एकाच वेळी, वरच्या अंगाला वाहत येतंय. पळतही नाही. लग्नाची पंगतच! इंग्लंडच्या चुनखडीतल्या नद्यांवर मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला हा प्रकार होतो. एरवी महाचतुर असणारे जुने ट्राउट तेव्हा इतके बेफिकीर होतात की त्या दोन आठवड्यांना तिथले लोक ‘ढ लोकांचा पंधरवडा’ म्हणतात. म्हणजे ज्याला कधी मासा लागत नाही, त्यालाही तेव्हा लागतो.

हंगेरीत तिसा नावाची नदी आहे. तिथे जूनमध्ये मोठ्या जातीच्या मेफ्लाय निघतात तेव्हा लोक म्हणतात, ‘तिसा फुलली.’ नदीला फुलं आली! हे बघायला माणसं गावाहून येतात. आपल्याकडे नदीला पूर येतो, गाळ येतो, नोटिसा येतात. फुलं आल्याचं ऐकलंय कधी?

या पंगतीत माशाला फसवायचं कसं, हा फ्लाय फिशिंगचा सगळा खेळ. आपण गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतो. तिला वजन असतं, सोबत शिशाचा मणी, त्यामुळे दोरी लांब फेकता येते. पण माशी म्हणजे काय? दोऱ्याने गळावर बांधलेलं चिमूटभर पीस आणि केस. तिला वजनच नाही, फेकणार कशी? म्हणून इथे वजन दोरीत असतं. काठी मागे नेली की दोरी हवेत मागे उलगडते, ती पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, मग पुढे. घाई केली की दोरीचा आसूड होतो आणि माशी तुटते. नवशिक्याचा पहिला महिना फक्त ‘थांबायचं कधी’ हे शिकण्यात जातो. गोफण फिरवणाऱ्या माणसाला हे लवकर कळेल असा माझा अंदाज आहे, पाखरं हाकायला रानात गोफण चालवणारे आजोबा घरात असतील तर विचारून बघा.

आणि त्याही आधीचं काम म्हणजे बघणं. हवेत कोणती माशी आहे? केवढी? रंग कोणता? मासा पाण्यावरची खातोय, की पृष्ठभागाच्या जरा खाली वर येऊ पाहणारी? डबीत पन्नास माश्या असतात आणि त्या संध्याकाळी त्यातली एकच चालते. अर्धा तास काठी बगलेत धरून नुसतं पाण्याकडे बघत उभा राहणारा माणूस हा चांगला फ्लाय फिशर. हा आळस नव्हे. जीवशास्त्राचं प्रॅक्टिकल आहे, फक्त जर्नलवर सही घ्यायची नसते.

हा साहेबी छंद आहे, आपला काय संबंध, असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात, ११३० च्या आसपास, ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग त्याच्या राज्यात होता. राजाने करमणूक कशी करावी याच्या यादीत त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचं आख्खं प्रकरण आहे. माशांच्या तीस-पस्तीस जाती, कोणाला कोणता चारा आवडतो, दोरी कशी वळावी, काठी कशी असावी, सगळं. इंग्लंडात गळाच्या मासेमारीवरचं पहिलं छापील पुस्तक, एका जोगिणीच्या नावावर असलेलं, आलं १४९६ मध्ये. साडेतीनशे वर्षांहून जास्त उशिरा! पिसाची खोटी माशी मात्र त्या राजाची नाही, ती त्याच्याही आधीची. इसवी सन २०० च्या सुमारास एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातले लोक लाल लोकर आणि कोंबड्याची पिसं गळाला बांधून मासे फसवतात, असं लिहून ठेवलंय.

कोंबड्याची पिसं आजही वापरतात. मानेवरचं लांब, टोकदार पीस गळाभोवती गुंडाळलं की त्याचे तंतू माशीच्या पायांसारखे पाण्यावर टेकतात. इंग्रजांच्या सामन माशासाठीच्या नक्षीदार माश्यांना तर एका खास पक्ष्याचं पीस लागायचं : आपल्या राखी रानकोंबड्याचं. हा पक्षी फक्त भारतात सापडतो, सातपुड्याच्या जंगलातही आहे. त्याच्या मानेच्या चमकदार ठिपक्यांसाठी त्याची इतकी शिकार झाली की ही निर्यात पुढे बंद करावी लागली. म्हणजे आपला या छंदाशी संबंध होताच, फक्त तो आपल्या बाजूने तोट्याचा होता.

आता घरी येऊ.

मेफ्लाय आपल्याकडे आहेत. थंड देशांसारखं त्यांचं ‘जूनचा दुसरा आठवडा’ असं कडक वेळापत्रक नसतं. उष्ण प्रदेशात त्या वर्षभर थोड्या थोड्या निघतात, म्हणून तो नाच आपल्या डोळ्यांत भरत नाही. एक घोटाळा मात्र आधीच मिटवू. मृगाच्या पहिल्या पावसानंतर रस्त्यावरच्या दिव्याखाली पंखांचा खच पडतो, ती मेफ्लाय नव्हे. ती उधई, वाळवी. मेफ्लाय ओळखायची खूण सोपी : बसली की पंख होडीच्या शिडासारखे पाठीवर सरळ उभे, आणि मागे दोन किंवा तीन लांब केसांसारख्या शेपट्या. पाण्यातलं पिल्लूही असंच ओळखायचं. शेपट्या, आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना हलणारे पानासारखे कल्ले.

ती पिल्लं शोधायला कॉलेजची लॅब लागत नाही. पिठाची जुनी चाळणी, एक पांढरी थाळी आणि मोबाइलचा कॅमेरा बास. वाहत्या, खळाळत्या पाण्यात चाळणी धरायची, वरच्या अंगाला पायाने दगड हलवायचे, चाळणीत आलेला ऐवज थाळीत पाणी घेऊन उलटा करायचा. मिनिटभर काही दिसत नाही. मग सगळी थाळी चालायला लागते!

आणि इथून पुढे हा छंद राहत नाही. ब्रिटनमध्ये १९८० च्या सुमारास पाण्याची प्रत किड्यांवरून मोजायची एक पद्धत बसवली. प्रत्येक किड्याच्या कुळाला १ ते १० गुण. दगडाला चपटी चिकटून राहणारी मेफ्लाय सापडली तर १० गुण. छोटी, पोहणारी मेफ्लाय असेल तर ४. नुसत्या लाल अळ्या असतील तर २. आणि गाळातल्या गांडुळासारख्या किड्यांशिवाय काही नसेल तर १. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही याच धर्तीवर निकष केलेत. बाटलीत भरून नेलेलं पाणी फक्त त्या क्षणाचं सांगतं. काल रात्री कुणी काही सोडलं आणि सकाळी वाहून गेलं तर बाटली गप्प. दगडाखालची मेफ्लाय गेले कित्येक आठवडे तिथेच राहतेय. ती नसेल तर काहीतरी घडून गेलंय.

अमेरिकेतल्या इरी सरोवराचं असंच झालं. तिथे मेफ्लायचे थवे इतके मोठे असायचे की रस्त्यावर फावड्याने गोळा कराव्यात. १९५३ मध्ये सांडपाण्याने तळाचा प्राणवायू संपला आणि त्या जवळजवळ नाहीशा झाल्या. पाणी सुधारल्यावर नव्वदच्या दशकात परत आल्या. आज ते थवे हवामान खात्याच्या रडारवर ढगासारखे दिसतात. आणि त्याच रडारच्या नोंदींवरून २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं की २०१२ नंतर तिथले थवे निम्म्याहून जास्त घटलेत. संशयितांमध्ये गरम होणारं पाणी आहे, शैवालाचं विष आहे, आणि शेतीतली कीटकनाशकं आहेत.

शेवटच्या शब्दावर जरा थांबा, कारण तो आपल्या घरात येतो.

केळीवर सीएमव्ही पडला की घरात काय वातावरण असतं, हे रावेर-यावलच्या पोरांना मी सांगायची गरज नाही. उभी बाग उपटून फेकावी लागते. हा विषाणू पसरवतो मावा, आणि माव्यासाठी फवारतात इमिडाक्लोप्रिड. दुकानातल्या बाटलीवर ‘१७.८ एसएल’ लिहिलेलं असतं ते. बाप फवारतो ते हौसेने नाही. कर्ज आहे, तोडणी जवळ आलीये, भाव कधी पडेल याचा भरवसा नाही. त्याला शहरातून कुणी ‘निसर्ग वाचवा’ सांगायला आलं तर तो हसेल, आणि त्याचं हसणं बरोबर आहे.

पण हिशोब तर मांडू. या बाटलीत लिटरला २०० ग्रॅम औषध असतं. म्हणजे १० मिलिलिटरच्या एका झाकणात २ ग्रॅम. नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलं की मेफ्लायची पिल्लं लिटरभर पाण्यात १ मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी इमिडाक्लोप्रिड काही आठवडे राहिलं तरी गारद होतात. १ मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. २ ग्रॅम म्हणजे २० लाख मायक्रोग्रॅम. एक झाकण औषध २० लाख लिटर पाणी मेफ्लायसाठी धोक्याचं करायला पुरतं. दहा हजार लिटरचे २०० टँकर! युरोपीय संघाने २०१८ मध्ये उघड्या शेतात हे औषध वापरायला बंदी घातली.

माझं म्हणणं ‘फवारू नका’ असं नाही. ते म्हणायचा अधिकार मला नाही आणि तुमच्या घरात ते चालणारही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे : पंप नाल्यात धुऊ नका. रिकामी बाटली पाण्यात विसळू नका. पंप धुतलेलं पाणी बांधावर, ओढ्यापासून लांब जिरवा. हे काम बहुतेक घरांत कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडेच येतं, ‘जा रे, पंप धुऊन आण’ म्हणून. म्हणजे निर्णय तुमच्या हातात आहे, बापाच्या नाही. फवारणीचा खर्च यात एका रुपयाने वाढत नाही.

दुसरी गोष्ट ज्यांना मासेमारी आवडते त्यांच्यासाठी. उन्हाळ्यात नदी आटते, शेवटी दोन-चार डोह उरतात आणि आख्ख्या नदीचं गोकुळ त्या डोहांत गोळा होतं. तेव्हाच कुणीतरी ब्लीचिंग पावडर टाकतं, कुणी विहिरीसाठी आणलेली जिलेटिनची कांडी, कुणी बॅटरीचा करंट सोडतं. व्हिडिओ काढतात, स्टेटस ठेवतात. पाटीभर मासे मिळतात, त्यातले निम्मे खायच्या लायकीचे नसतात, आणि पुढच्या पावसात नदीला बी-बियाणंच उरत नाही. स्फोटकांनी किंवा विष टाकून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. सव्वाशे वर्षं झाली. दंडाचा आकडा इतका जुना आणि किरकोळ आहे की कुणी घाबरत नाही, म्हणून मित्रच मित्राला अडवू शकतो. पोटासाठी गळ टाकणारा भोई, पावरा, तडवी माणूस हे करत नाही असं मी म्हणणार नाही. पण ज्याची रोजी त्या डोहावर आहे, त्याला डोह पुढच्या वर्षीही हवा असतो. मजा म्हणून आलेल्याला नसतो.

मग आपल्या पाण्यात माशीने पकडावा असा मासा आहे तरी का? आहे ना! सातपुडा-सह्याद्रीच्या वाहत्या ओढ्यांत एक चपळ मासा राहतो, कुशीवर निळसर उभे पट्टे, जेमतेम वीतभर. पृष्ठभागावरचे किडे टिपून खातो. शास्त्रज्ञ त्याला बॅरिलियस बेंडेलिसिस म्हणतात आणि इंग्रजीतलं त्याचं चालू नाव ऐका : इंडियन हिल ट्राउट. ट्राउटशी नातं काही नाही, हा रोहूच्या कुळातला. पण खोट्या माशीवर झडप घालायची खोड तीच. आणि मोठा म्हणाल तर महासीर. तापी-नर्मदेतला महासीर म्हणजे टॉर टॉर, मध्य प्रदेशने त्याला राज्यमासा केलंय. आपल्याकडे धरणं झाली, वाळू गेली, डोह बुजले. तो आता दिसण्यापेक्षा म्हाताऱ्यांच्या बोलण्यात जास्त असतो.

‘मग आणून सोडू की!’ हा आपल्याकडचा आवडता उपाय. तलाव दिसला की बीज सोड. जपून. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा कंपनीने सत्तरच्या दशकापासून महासीरची पैदास केली, लाखो पिल्लं तयार केली, काम मोठं होतं. त्यातला टॉर खुद्री हा महाराष्ट्राचा मासा. १८३९ मध्ये कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचं इथलंच बोलीतलं नाव शास्त्रीय नावात टाकलं. ओढ्यातल्या दगडाला चिकटणाऱ्या ‘मळ्या’चंही त्याने तसंच केलं, गारा मुल्या. तर हा आपला खुद्री दक्षिणेत कावेरीतही नेऊन सोडला. तिथे कावेरीचा स्वतःचा मोठा, पाठीला कुबड असलेला महासीर होता. बाहेरून आलेल्याने त्याची जागा घेतली. त्या कुबडवाल्याला शास्त्रीय नाव पक्कं मिळेपर्यंत २०१८ उजाडलं आणि तोवर तो नामशेष होण्याच्या काठावर आला होता. चांगल्या हेतूने, चांगला मासा, चुकीच्या नदीत. साहेबाच्या ट्राउटला नावं ठेवताना हेही लक्षात असू द्या.

म्हणून मला वाटतं, रावेरच्या पोरांनी फ्लाय फिशिंग शिकावं, पण उलट्या क्रमाने. रीलवाले आधी काठी विकत घेतात आणि दहा वर्षांनी माशी ओळखायला शिकतात. तुम्ही दोन हंगाम नुसती माशी ओळखा. सुकी, भोकर, मंगरूळ नि अभोडा धरणांच्या वरचे ओढे, कुठल्या दगडाखाली काय आहे याची वही करा. फोटो, तारीख, जागा, गुण. रावेर आणि यावल हे भूजलाचा अतिउपसा झालेले तालुके आहेत हे आपण शाळेपासून ऐकतोय. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशने तापी महापुनर्भरणाचा करार केला, सातपुड्याच्या पायथ्याच्या गोटाळ पट्ट्यात पाणी जिरवायची मोठी योजना आहे ती. व्हावी, लवकर व्हावी. पण टीएमसीच्या हिशोबात किड्यांना रकाना नसतो. काम सुरू होण्याआधी ओढे कसे होते, हे सांगणारी वही कुणाकडे तरी पाहिजे, आणि ती विद्यापीठातल्या एखाद्या प्रोजेक्टपेक्षा पायथ्याच्या गावातल्या पोराकडे असली तर मला जास्त आवडेल. रोज बघणार तो.

मग काठी घ्या. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, म्हणजे मासा इजा न होता सुटतो. हात आधी ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग लागतो. फोटोसाठी त्याला मिनिट-मिनिट हवेत धरू नका, तोवर तुम्ही पाण्यात डोकं घालून बघा, कळेल. आणि मार्च ते जून काठी माळ्यावर. ‘पकडला आणि सोडला’ म्हणजे माशाचं काही बिघडलं नाही, हे गरम पाण्यात खरं नसतं. आधीच प्राणवायू कमी, त्यात झटापट. पोहत गेलेला दिसतो, तासाभराने मरतो, तुम्हाला कळतही नाही. हौशी मासेमारांना ही गोष्ट आवडत नाही, तरी ती तशीच आहे.

विचारल्याशिवायही काही करू नका. धरणांतला मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो, त्यांच्याशी आधी बोला. ‘मी सोडून देतो’ म्हटल्यावर ते हसतील, हसू दे. पण मासा कुठे फिरतो हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं आणि चहा घेता घेता माणूस बोलतो.

आणि पालकडे जाणार असाल तर हद्द नीट माहीत करून घ्या. यावल अभयारण्य १९६९ पासूनचं आहे. सुकीचं आणि अनेरचं वरचं पाणी त्यातून येतं. आत परवानगीशिवाय गळ टाकणं गुन्हा आहे, चाळणी घेऊन ओढ्यात उतरायलाही आधी वनविभागाला विचारायचं. सुरुवातीला हद्दीबाहेरचा ओढा पुरतो. पावसाळा सरल्यावर, पाणी निवळलं की ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा, संध्याकाळी पाचनंतर थांबा. उलटलेले दगड होते तसे परत ठेवा, त्यांच्याखाली कुणीतरी राहतं. आणि ती चाळणी आईला विचारून न्या, कारण परत आणून कितीही घासलीत तरी पिठाला ती पुन्हा वापरणार नाही.